तिसरा कागद: हवाईचे १९६० सालचे मतदान

१९ डिसेंबर १९६० रोजी होनोलुलूच्या इओलानी राजवाड्यात सहा जणांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी मते दिली. हवाईच्या वाट्याला मते होती तीनच. तिघांनी रिचर्ड निक्सन यांना मत दिले. त्यांच्याकडे राज्याचे सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र होते. उरलेल्या तिघांनी जॉन केनेडी यांना दिले. त्यांच्याकडे प्रमाणपत्र नव्हते, होती ती फक्त अर्धवट झालेली फेरमोजणी. अठरा दिवसांनी वॉशिंग्टनमध्ये मोजली गेली ती या दुसऱ्या तिघांची मते.

२०२० नंतर या प्रकरणाचे नाव अमेरिकेत बरेच ऐकू आले, पण बहुतेक वेळा अर्धेच. एका राज्यातून दोन याद्या गेल्या आणि बिनशिक्क्याची मोजली गेली, एवढे सांगून लोक थांबतात. या प्रकरणात पाहायचे ते तारखांकडे, असे मला वाटते. कोणत्या दिवशी कोणाला काय माहीत होते, कोणाची सही कधी झाली, हे ओळीने लावले की बरेचसे धुके निवळते.

नवे राज्य

हवाई तेव्हा जेमतेम सव्वा वर्षाचे राज्य होते. १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानी यांना गादीवरून खाली खेचण्यात आले, १८९८ मध्ये बेटे अमेरिकेला जोडली गेली, आणि पुढची साठ वर्षे तो अमेरिकेचा नुसता एक प्रदेश होता. प्रदेशात राहणाऱ्याला राष्ट्राध्यक्षासाठी मत देता येत नसे. २१ ऑगस्ट १९५९ रोजी हवाई पन्नासावे राज्य झाले, आणि ८ नोव्हेंबर १९६० रोजी तिथल्या लोकांनी पहिल्यांदा राष्ट्राध्यक्षपदासाठी मतपत्रिका हातात घेतली. अनेकांनी साठी ओलांडल्यावर घेतली.

राजकारण कूस बदलत होते. विसाव्या शतकाचा जवळजवळ पूर्वार्ध सत्ता रिपब्लिकन पक्षाकडे आणि त्यामागे उसाच्या मळ्यांतून उभ्या राहिलेल्या पाच मोठ्या कंपन्यांकडे होती. मळ्यांवर राबायला जपान, चीन, फिलिपिन्स, पोर्तुगाल इथून माणसे आणली गेली. त्यांची मुले इथेच जन्मली, म्हणजे नागरिक झाली, म्हणजे मतदार झाली. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांच्या ४४२व्या रेजिमेंटमधून लढून आलेले तरुण सरकारी मदतीवर शिकले आणि डेमोक्रॅटिक पक्षात शिरले. इटलीत उजवा हात गमावलेले डॅनियल इनौये त्यांच्यातलेच. गोदी आणि मळे कामगारांची संघटना पाठीशी होती. १९५४ मध्ये डेमोक्रॅट्सनी विधिमंडळ जिंकले. तरीही राज्य झाल्यावरच्या पहिल्या निवडणुकीत गव्हर्नरपद मिळाले रिपब्लिकन विल्यम क्विन यांना. सिनेटच्या दोन जागांपैकी एक इकडे, एक तिकडे. प्रतिनिधिगृहाची एकुलती जागा इनौये यांना. कौल मधोमध चिरलेला होता.

वॉशिंग्टनमधल्या जाणत्यांचा हिशेब मात्र ठाम होता: अलास्का डेमोक्रॅट होणार, हवाई रिपब्लिकन. दोन्ही राज्ये काही महिन्यांच्या अंतराने आत घेण्यामागे हा समतोलही होता. प्रत्यक्षात १९६० मध्ये अलास्का निक्सन यांच्याकडे गेले, आणि हवाईचे काय झाले ते पुढे येतेच आहे. निक्सन यांनी तर पन्नासही राज्यांत प्रचाराला जाण्याचे जाहीर वचन दिले होते. ते पाळताना ते ऑगस्टमध्ये हवाईला गेले आणि मतदानाच्या तोंडावर अलास्कालाही. मोठी राज्ये काठावर असताना हा हट्ट त्यांना महागात पडला, असे म्हणणारे त्यांच्याच पक्षात पुष्कळ होते.

१४१

अमेरिकी मतदार थेट राष्ट्राध्यक्ष निवडत नाही. तो आपल्या राज्याचे निर्वाचक निवडतो, आणि प्रतिनिधिगृह व सिनेट मिळून राज्याचे जितके सदस्य, तितके त्याचे निर्वाचक. हवाईचा हिशेब एक अधिक दोन. त्या वर्षी देशभरातले निर्वाचक होते ५३७, बहुमताला २६९ लागत. (चाळीस वर्षांनी फ्लोरिडात धाकट्या बुश यांची अधिकृत आघाडी ठरली तीही नेमकी ५३७ मतांची. आकड्यांना असले चाळे करण्याची खोड असते.)

देशाचा निकाल दुसऱ्या दिवशी लागला. केनेडी जिंकले होते, पण सुमारे पावणेसात कोटींहून जास्त मतांत दोघांमधले अंतर लाखाच्या थोडेच वर होते. हवाईत कागदी मतपत्रिका होत्या आणि हाताने मोजणी. आघाडी इकडून तिकडे झुलली आणि शेवटी अधिकृत आकडे लागले: निक्सन ९२,५०५, केनेडी ९२,३६४. फरक १४१.

२८ नोव्हेंबरला या आकड्यांवर सही झाली. गव्हर्नर क्विन यांच्या जागी त्या वेळी कार्यवाहक म्हणून लेफ्टनंट गव्हर्नर जेम्स केआलोहा काम पाहत होते, तेही रिपब्लिकन. रिपब्लिकन पक्षाचे तीन निर्वाचक, गॅव्हियन बुश, जे. हॉवर्ड वॉरल आणि ओ. पी. सोआरेस, निवडून आल्याचे जाहीर झाले. हा पहिला कागद.

डेमोक्रॅट बाजूचे मतदार होनोलुलूच्या सर्किट कोर्टात गेले. मोजणीच्या नोंदी आपसात जुळत नाहीत, फेरमोजणी करा, अशी मागणी होती. खटल्याचे नाव पडले 'लम विरुद्ध बुश'. हे बुश म्हणजे वर आलेले निर्वाचक; टेक्सासच्या घराण्याशी त्यांचा काही संबंध नाही.

न्यायाधीश रोनाल्ड जेमिसन यांनी आधी मोजक्या मतदान केंद्रांच्या पेट्या उघडायला लावल्या. त्यात चुका निघू लागल्या तशी व्याप्ती वाढत गेली, आणि अखेर राज्यभरातली मते पुन्हा मोजायचे ठरले.

कायद्याचे घड्याळ

इथे १८८७ च्या एका कायद्याची आठवण करावी लागते. १८७६ च्या निवडणुकीत फ्लोरिडा, लुइझियाना आणि साउथ कॅरोलायना इथून दोन-दोन निकाल वॉशिंग्टनला पोहोचले होते, ओरेगनमध्ये एका निर्वाचकावरून भांडण होते, आणि देश महिनोन् महिने राष्ट्राध्यक्षाविना अडकतो की काय अशी वेळ आली होती. तसे पुन्हा होऊ नये म्हणून अकरा वर्षांनी हा कायदा झाला. त्याची भाषा इतकी गुंतागुंतीची होती की वकीलही डोके धरून बसत. त्यातला एक मुद्दा त्यातल्या त्यात सोपा होता: निर्वाचकांच्या बैठकीच्या सहा दिवस आधी राज्याने आपला वाद आपल्या नियमांनी मिटवला, तर तो निकाल अमेरिकी काँग्रेसला मानावाच लागेल. मुदत चुकली तर मते आपोआप बाद होत नाहीत, पण ते संरक्षण जाते.

१९६० मध्ये बैठक होती १९ डिसेंबरला, म्हणजे मुदत १३ डिसेंबर. ती फेरमोजणी चालू असतानाच टळून गेली.

दुसरी तारीख अधिक कडक होती. निर्वाचकांनी देशभर एकाच दिवशी मत दिले पाहिजे, असे राज्यघटनाच म्हणते. १९ तारखेला मत न देणाऱ्या निर्वाचकाला २० तारखेला पश्चात्ताप करण्यापलीकडे काही करता येत नाही. डेमोक्रॅट्ससमोर पेच हा होता: कोर्टात आपण जिंकू अशी चिन्हे आहेत, पण निकाल १९ च्या आत येणार नाही. गप्प बसलो तर पुढे जिंकूनही हाती काही लागणार नाही, कारण मोजायला मतेच नसतील.

म्हणून त्यांचे तिघे त्या दिवशी राजवाड्यात गेले आणि त्यांनी मते देऊन कागदावर सह्या केल्या. हा दुसरा कागद.

या तिघांपाशी थोडे थांबतो. विल्यम हीन हे चिनी आणि हवाईयन वंशाचे नामांकित वकील आणि माजी न्यायाधीश. डेल्बर्ट मेट्झगर हे माजी संघराज्य न्यायाधीश. युद्धकाळात हवाईत लष्करी कायदा असताना त्यांनी तिथल्या लष्करप्रमुखालाच न्यायालयाच्या अवमानाबद्दल ५,००० डॉलरचा दंड ठोठावला होता. आणि तिसऱ्या जेनी विल्सन, होनोलुलूचे महापौर राहिलेल्या जॉन विल्सन यांच्या पत्नी, वय ८८. राजा कलाकौआच्या दरबारात त्या तरुणपणी हुला नाचत असत. इओलानी हा त्याच राजाने बांधलेला राजवाडा. त्याची बहीण आणि वारस, राणी लिलिउओकलानी, हिला १८९५ मध्ये याच वास्तूत कैदेत ठेवले होते. आता तिथे राज्याचे विधिमंडळ आणि गव्हर्नरचे कार्यालय होते. ज्या सत्तेने तो दरबार बुडवला, तिच्या सर्वोच्च पदासाठी दरबारातली नर्तकी त्याच छपराखाली मत देत होती, तेही अजून कोणी मान्य न केलेले मत. एखाद्या कादंबरीकाराने हे रचले असते तर संपादकाने 'जरा अति होतेय' म्हणून खोडले असते.

११५

फेरमोजणी न्यायालयाच्या देखरेखीखाली नाताळ ओलांडून चालली. ३० डिसेंबरला जेमिसन यांनी निकाल दिला: केनेडी ९२,४१०, निक्सन ९२,२९५. केनेडी ११५ मतांनी विजयी.

हे आकडे पहिल्या आकड्यांशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. केनेडी यांची मते वाढली फक्त ४६ ने. निक्सन यांची घटली २१० ने. म्हणजे बेरीज फिरली ती केनेडींची नवी मते सापडल्यामुळे कमी आणि निक्सन यांच्या खात्यात जादा नोंदलेली मते गळाल्यामुळे जास्त. दोघांची मिळून मते १,८४,८६९ होती ती १,८४,७०५ झाली. एकूण पालट २५६ मतांचा, म्हणजे सातशेहून अधिक मतांमागे एकाचा. हाताने मोजताना, हाताने आकडे उतरवताना एवढी चूक कुठेही होऊ शकते. एरवी ती कोणाच्या लक्षातही आली नसती. फरक १४१ चा होता म्हणून ती उघडी पडली.

आणखी एक गंमत. त्या वर्षी निकालांवर बोट ठेवत होते ते मुख्यतः रिपब्लिकन. इलिनॉय आणि टेक्सासमध्ये गैरप्रकार झाल्याचे आरोप त्यांचे होते, आणि त्यांची चर्चा आजही संपलेली नाही. पण फेरमोजणीने अख्ख्या राज्याचा कौल फिरला तो एकट्या हवाईत, तोही निक्सन यांच्या विरुद्ध.

आता चेंडू गव्हर्नर क्विन यांच्याकडे होता. राज्य होण्याआधी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी याच पदावर नेमलेले, निक्सन यांच्याच पक्षाचे. मुदत टळल्याकडे बोट दाखवून, पहिले प्रमाणपत्र कायम आहे म्हणून हात झटकणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी कोर्टाचा निकाल मानला. ४ जानेवारी १९६१ रोजी त्यांनी डेमोक्रॅट निर्वाचक निवडून आल्याच्या प्रमाणपत्रावर सही केली आणि तो कागद विमानाने वॉशिंग्टनला रवाना केला. मतमोजणी होती ६ तारखेला. हा तिसरा कागद, आणि माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा. दुसरा कागद हा नुसता दावा होता; त्याला वजन आले ते तिसऱ्यामुळे. तिसरा आला तो मोजणीतून, आणि त्यावर सही होती ज्याचा पक्ष हरत होता त्याची.

निक्सन यांचे वाक्य

६ जानेवारीला दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत अध्यक्षस्थानी उपराष्ट्राध्यक्ष असतात. उपराष्ट्राध्यक्ष होते रिचर्ड निक्सन. हवाईची तीन पाकिटे त्यांच्यासमोर आली. १८८७ चा कायदा इथे फारशी मदत करत नव्हता: दोन याद्यांत वाद असेल आणि दोन्ही सभागृहांचे एकमत होत नसेल तर गव्हर्नरची सही असलेली यादी धरा, असे तो सांगे. पण हवाईत दोन्ही याद्यांना राज्याच्या कार्यकारी प्रमुखाची सही मिळाली होती, एकीला नोव्हेंबरात, दुसरीला जानेवारीत.

निक्सन यांनी सुचवले की पुढची मोजणी अडू नये म्हणून, आणि पायंडा पाडण्याचा हेतू नसताना, गव्हर्नरच्या ४ जानेवारीच्या प्रमाणपत्रातले निर्वाचक हेच हवाईचे कायदेशीर निर्वाचक समजावेत. कोणाची हरकत आहे का, असे विचारले. कोणी हरकत घेतली नाही. तीन मते केनेडींच्या खात्यात गेली. अंतिम बेरीज: केनेडी ३०३, निक्सन २१९, आणि दक्षिणेतल्या नाराजांची १५ मते सिनेटर हॅरी बर्ड यांना. आपल्याच पराभवाची घोषणा करण्याची वेळ उमेदवारावर शंभर वर्षांत पहिल्यांदाच येते आहे, असे निक्सन यांनी त्या दिवशी बोलून दाखवले. त्याआधीचे उदाहरण होते १८६१ चे, जॉन ब्रेकिनरिज यांचे.

या क्षणाचे गोडवे बरेच गायले जातात, विशेषतः पुढे वॉटरगेटमध्ये बुडालेल्या माणसाचा हा चांगुलपणा म्हणून. मी थोडा हात आखडता घेतो. हवाईची मते निक्सन यांना मिळाली असती तरी केनेडींकडे ३०० उरतच होती. तीन मतांवर व्हाइट हाउस टांगलेले असते, तर त्या सभागृहात हरकत घ्यायला कोणी उठलेच नसते, अशी खात्री मला देता येत नाही. श्रेय द्यायचेच तर आधी क्विन यांना द्यावे. निक्सन यांच्यापर्यंत गोष्ट पोहोचली तोवर तिचा गुंता सुटलेला होता.

'पायंडा पाडण्याचा हेतू नसताना' हे शब्द मात्र फुकट गेले. कायद्याच्या दुनियेत पायंडा नको म्हणून सांगितलेली गोष्ट हटकून पायंडा म्हणून उद्धृत होते.

पुढची उसनवारी

२००० मध्ये फ्लोरिडाची फेरमोजणी सर्वोच्च न्यायालयाने थांबवली, त्यामागे मुदतीचे कारण होते. न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी आपल्या विरोधी मतात हवाईकडे बोट दाखवले: तिथे ४ जानेवारीला ठरलेली यादी काँग्रेसने मोजली होती, म्हणजे सहा दिवसांची मुदत ही काही भिंत नव्हती. माझ्या मते हा हवाईचा योग्य वापर होता. तिकडेही मोजणी अर्धवट होती, इकडेही.

२०२० चा वापर वेगळा. १८ नोव्हेंबरला केनेथ चेझब्रो या वकिलाने ट्रम्प यांच्या बाजूसाठी विस्कॉन्सिनबद्दल एक टिपण लिहिले. त्यात हवाईचा दाखला होता: निकाल विरुद्ध असला तरी आपल्या निर्वाचकांनी ठरलेल्या दिवशी मत देऊन ठेवावे. एवढ्यापुरते ते चुकीचे नव्हते. विस्कॉन्सिनमध्ये फेरमोजणीची मागणी तेव्हा खरोखरच पुढे आली होती. पण १४ डिसेंबरला सात राज्यांत ट्रम्प यांच्या निर्वाचकांनी असे कागद केले, तेव्हा चित्र बदललेले होते. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच सकाळी ट्रम्प यांचा दावा फेटाळला. जॉर्जियात मते तीनदा मोजून झाली होती आणि तिन्ही वेळा बायडेन पुढे होते. पेनसिल्व्हेनिया आणि न्यू मेक्सिकोच्या मंडळींनी निदान 'पुढे आम्ही वैध ठरलो तर' अशी अट कागदावर घातली. बाकीच्यांनी आपणच रीतसर निवडून आल्याचे लिहिले. कोणत्याही न्यायालयाने निकाल फिरवला नाही, कोणत्याही गव्हर्नरने दुसरी सही केली नाही. सातही ठिकाणी दुसरा कागद होता, तिसरा कुठेच नव्हता. तरीही ६ जानेवारी २०२१ रोजी उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स यांनी त्या कागदांच्या जोरावर काहीतरी करावे यासाठी दबाव आला. निक्सन यांनी आपल्या विरुद्ध जाणारी यादी स्वीकारली होती. पेन्स यांच्याकडून अपेक्षा होती ती स्वतःच्या फायद्याची यादी उचलण्याची. त्यांनी नकार दिला.

२०२२ च्या अखेरीस काँग्रेसने १८८७ चा कायदा दुरुस्त केला. उपराष्ट्राध्यक्षांचे काम निव्वळ औपचारिक असल्याचे स्पष्ट लिहिले. हरकतीसाठी पूर्वी प्रत्येक सभागृहातला एकेक सदस्य पुरे होई, आता प्रत्येकी एक पंचमांश लागतात. गव्हर्नरने मुदतीत दिलेले प्रमाणपत्र निर्णायक ठरते. ते बदलायचे तर न्यायालयाचा आदेश निर्वाचकांच्या बैठकीच्या आधी यावा लागतो.

ही शेवटची अट हवाईला लावून पाहिली की जरा अस्वस्थ व्हायला होते. जेमिसन यांचा निकाल बैठकीनंतर अकरा दिवसांनी आला. आजच्या कायद्याखाली २८ नोव्हेंबरचा पहिला कागद बहुधा टिकला असता, आणि कमी मते मिळालेल्या उमेदवाराला राज्याची तिन्ही मते गेली असती. खोट्या याद्यांची वाट बंद करताना उशिरा पूर्ण होणाऱ्या खऱ्या मोजणीचीही वाट अरुंद झाली. आता राज्यांना फेरमोजणी आणि दावे वेळेत उरकता येतील असे स्वतःचे वेळापत्रक आखावे लागते. पण नाताळपर्यंत पेट्या उघडत बसणारा एखादा जेमिसन त्या वेळापत्रकात बसणार नाही.

हवाईपुरते सांगायचे तर १९६० नंतर तिथे फारशी चुरस राहिली नाही. १९७२ आणि १९८४ सोडले तर राज्य दरवेळी डेमोक्रॅट उमेदवाराकडेच गेले. १९७२ मध्ये ते निक्सन यांना मिळाले, ६२ टक्के मतांनी. त्या खेपेला कोणी फेरमोजणी मागितली नाही.